शुगरवाल्यांचा डबा: पोळ्या कमी करून नेमकं काय घालू? (सिडको, नाशिक)

डबेवाली_सिडको

नमस्कार मंडळी. मी सिडकोत पवननगरच्या बाजूला राहते, घरून पोळीभाजीचे डबे देते. साठेक डबे जातात. निम्मे अंबडच्या कंपन्यांत, बाकीचे एकटे राहणारे आजी-आजोबा आणि शिकायला आलेली मुलं. डबा ठरलेला: चार पोळ्या, एक सुकी भाजी, वरण किंवा आमटी, भात, लोणचं, पापड.

हल्ली फोनवरची भाषाच बदललीय. पूर्वी लोक म्हणायचे, "ताई, तिखट जरा बेतानं." आता म्हणतात, "ताई, एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) सहाच्या वर गेलंय, डॉक्टरांनी जेवण बदलायला सांगितलंय." वय विचारावं तर चौतीस, अडतीस! एकाने सरळ सांगितलं, पोळी बंद करा आणि नागलीची (नाचणीची) भाकरी द्या, पैसे जास्त घ्या. दुसऱ्याला ज्वारी हवी, तिसऱ्याला भातच नको, चौथ्याची बायको म्हणते गूळ चालेल, साखर नको.

मला आठ प्रकारचे डबे करणं शक्य नाही, हाताखाली दोनच बायका आहेत. सगळ्यांना चालेल असा एकच डबा बसवायचाय. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही होऊ नये, असा. गिऱ्हाईक पळून जाईल इतका महाग नको आणि बेचवही नको. पोळीऐवजी भाकरी दिली की काम भागतं का? भागत नसेल तर काय करू? परदेशी पाला आणि महागड्या बिया सुचवू नका, पवननगरच्या बाजारात मिळतं तेवढंच सांगा.

निफाडचा_द्राक्षवाला

ताई, बिनधास्त बाजरी द्या. आमचे आजोबा दोन वेळा बाजरी खाऊन नव्वदीपर्यंत चालते-फिरते होते. शुगर काय असते ते माहीत नव्हतं.

आकडेमोड_काका

द्राक्षवाले भाऊ, आजोबा बाजरी खाऊन दिवसभर मोटेमागे चालत होते. आपण बाजरी खाऊन मोटारसायकलवर बसतो.

निफाडचा_द्राक्षवाला

हे बी खरंय काका.

मेथीदाणा

डबेवाली ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, गंगापूर रोडला एका दवाखान्यात बसते. हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो, त्यामुळे थोडं लांबण लावते.

धान्य बदलून लोकांना वाटतं तेवढा फरक पडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये आपल्या अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यात बघा. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ३२० च्या आसपास कॅलरी, नागलीतही तेवढ्याच, ज्वारीत त्याहून जरा जास्त आणि बाजरीत साडेतीनशेला टेकलेल्या. तंतूंचं म्हणाल तर गहू, बाजरी आणि नागली तिघांतही अकरा ग्रॅमच्या आसपास. (कणीक मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा गायीला घातला, तर गव्हाचे तंतू गायीच्या पोटात गेले, ही गोष्ट वेगळी.) प्रथिनं नागलीत सातच ग्रॅम, गव्हात साडेदहा, बाजरीत अकरा. नागली भारी आहे ती कॅल्शियमसाठी, तिथे ती साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढे जाते आणि बाकीची धान्यं जवळपासही फिरकत नाहीत. पण चार पोळ्यांच्या जागी चार नागलीच्या भाकऱ्या दिल्या, तर रक्तातली साखर तुमच्यावर खूश होणार नाही. नागलीच्या बारीक पिठाची पेज केली तर साखर बऱ्यापैकी भरभर वाढते.

आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीतून २०२५ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या जेवणाचा हिशोब आला. आपल्या एकूण कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. भात काढून त्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ एवढाच बदल असेल, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतल्या ५ टक्के कॅलरी काढून तिथे डाळी-कडधान्यांची किंवा दूध-दह्याची प्रथिनं आली, की धोका कमी दिसला. हा पाहणीतून मांडलेला हिशोब आहे, लोकांना खायला घालून केलेला प्रयोग नाही. पण दवाखान्यात जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

थोडक्यात, धान्य कुठलं यापेक्षा ते किती आणि त्याच्या सोबत काय, हे बघा.

पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराच्या नव्या सूचना दिल्या, त्यात दिवसभराच्या ताटाचं माप आहे. २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे आणि तेलबिया ३५, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. ही सगळी कच्च्या मालाची मापं. आता तुमची पोळी तीस ग्रॅम पिठाची धरली तर चार पोळ्या १२०, वर भाताचे तांदूळ पन्नास. एका जेवणातच १७० झाले. आणि त्या डब्यातल्या वरणात डाळ किती ग्रॅम असते, ते जरा मनापासून सांगा बरं?

डबेवाली_सिडको

मनापासून सांगते, दहा-पंधरा ग्रॅम. डाळीचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. बाकी पाणी, हळद आणि हिंगाचा वास.

मेथीदाणा

सगळ्या डब्यांत हेच असतं, हॉटेलच्या थाळीतही. वरण चवीला असतं आणि पोट पोळी-भाताने भरतं. बदल तिथेच करायचा.

तिसरी_पाळी

अंबडला कंपनीत आहे, पाळ्या बदलत्या. मला एक कळत नाही. माझं वजन ५८ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. कोणत्याही तक्त्यात बघा, मी बारीक. तरी कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आली. आमच्या लाइनवर ९० किलोचा एक जण आहे, त्याची ८८. देव आंधळा आहे का?

मेथीदाणा

देवाचं माहीत नाही, पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलंय. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या एका सहकारी डॉक्टरांनी स्वतःचेच फोटो आणि मापं 'लॅन्सेट'मध्ये छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र त्या गोऱ्या डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे आपण बरेच जण आहोत. ती चरबी पोटाच्या आत यकृताभोवती बसते, स्नायू कमी असतात, आणि खाल्लेली साखर साठवायला स्नायू हीच मोठी जागा असल्यामुळे ती रक्तात रेंगाळते. याची सुरुवात आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत मागे जाते, असं त्यांच्या पुण्याजवळच्या गावांमधल्या कामातून पुढे आलं.

म्हणून काटा सोडा, टेप घ्या. बेंबीच्या पातळीला पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की सावध. आणि ११२ म्हणजे अजून मधुमेह नाही. १०० ते १२५ ही मधली पायरी, १२६ पासून पुढे मधुमेह, तोही पुन्हा तपासून पक्का करतात. तुमच्या लाइनवरच्या ९० किलोवाल्या भाऊंनी फार हसू नये, त्यांचं रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कुणी बघितलंय का?

तिसरी_पाळी

टेप लावली. ९३. आता बायको हसतेय.

आकडेमोड_काका

मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त. आयुष्य आकडे तपासण्यात गेलं, त्यामुळे शंका येतेच. हे सगळं खाणंपिणं सांभाळून रोग खरोखर टळतो की नुसता पुढे ढकलला जातो? आमच्या घरात वडील, काका, आत्या, सगळ्यांना मधुमेह. मी काहीही खाल्लं तरी तो येणारच असेल, तर मिसळ का सोडू?

मेथीदाणा

काका, चेन्नईत याच प्रश्नावर खरा प्रयोग झालाय, निकाल २००६ मध्ये आला. ५३१ माणसं, सगळी मधल्या पायरीवरची. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या जेवणात आणि चालण्यात बदल घडवून आणला, पाठपुरावा ठेवला, त्यांच्यात ३९ टक्क्यांना. अमेरिका आणि फिनलंडमध्ये अशाच प्रयोगांत धोका ५८ टक्क्यांनी उतरला होता, आपल्याकडे साधारण २८ टक्क्यांनी. फरक कमी पडला तरी तो गोळीशिवायचा आहे. आणि नुसता पुढे ढकलला गेला असं धरलं, तरी पंचेचाळिसाव्या वर्षी होणारा मधुमेह साठीत झाला तर डोळे, किडनी आणि पायांची मधली पंधरा वर्षं वाचली की!

घराण्याचं म्हणाल तर जीन्सबरोबर आपण आईच्या हातचं वाढपही वारशाने घेतो.

आकडेमोड_काका

५५ मधून ३९ गेले १६. म्हणजे शंभरातल्या सोळा जणांचा वाचला. मान्य. मिसळीवर नंतर भांडू.

सुरगाण्याचे_मास्तर

मी सुरगाणा तालुक्यात शिक्षक आहे, सुट्टीत नाशिकला येतो. इथे शहरात "नागली, नागली" चाललंय ते वाचून थोडं लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे नागली भाताइतकीच रोजची. पण ती एकटी कधी ताटात येत नाही. भाकरीसोबत उडदाची किंवा कुळीथ-तुरीची आमटी असते, खुरासणीची चटणी असते, पावसाळ्यात रानभाज्या. पहिल्या पावसानंतर बायका टोपल्या घेऊन निघतात आणि कुर्डू, टाकळा, भोकर, अळूची कोवळी पानं, बांबूचे कोंब असं काय काय घेऊन येतात. आणि नागली पिकवायची म्हणजे उतारावर राब भाजणं, रोपं लावणं, कापणी, झोडणी. शहरातला माणूस यातली फक्त भाकरी उचलतो आणि ती पाकीटबंद बिस्किटाच्या रूपात खातो, त्या बिस्किटात नागलीपेक्षा मैदा आणि साखर जास्त असते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, जो पदार्थ जास्त तो आधी लिहावा लागतो.

दुसरीही बाजू सांगतो. आता आमच्या पाड्यांवरच्या दुकानांतही पाच-पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांच्या माळा लटकतात. मुलं शाळेत येताना तीच घेऊन येतात. नागली विकून पाकीट घ्यायचं, असा व्यवहार चाललाय.

रानजाई

मास्तर, गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बायका बसतात. कोवळा टाकळा मिळाला तर लसूण-मिरचीवर परतून, वरून खोबरं. मेथीसारखाच, थोडा उग्र. डबेवाली ताई, आठवड्यातून एकदा जमवा.

डबेवाली_सिडको

साठ डब्यांना पुरेल इतका टाकळा निवडायला बसले तर बाकीचा स्वयंपाक कोण करणार? पण मेथी, पालक, शेपू, चुका, तांदुळजा, करडई आलटून पालटून देता येतील. शेपू मात्र मुलं न उघडता परत पाठवतात.

रानजाई

शेपू मुगाच्या डाळीत घाला, भरपूर लसूण. नाव सांगू नका.

निफाडचा_द्राक्षवाला

आता माझ्या पोटापाण्याचा प्रश्न. द्राक्ष खाल्लं की शुगर वाढते असं सगळे डॉक्टर सांगायला लागले तर आम्ही जायचं कुठं?

मेथीदाणा

भाऊ, कुणी बंद करायला सांगत नाही. १०० ग्रॅम द्राक्षांत पंधरा-सोळा ग्रॅम साखर असते. मूठभर, म्हणजे दहा-बारा मणी, जेवणानंतर गोड म्हणून खाल्ले तर मधुमेह असलेल्यालाही बहुधा चालतात. अडचण अशी की नाशकात हंगामात द्राक्षं पेटीने घरी येतात आणि माणूस टीव्हीसमोर पेटी मांडीवर घेऊन बसतो. पेरू, सफरचंद, पपई, संत्रं या मानाने सोयीची. रस मात्र नको. फळातले तंतू गाळणीत राहतात आणि तीन-चार फळांची साखर एका घोटात पोटात जाते. बेदाणा म्हणजे पाणी काढलेलं द्राक्ष, निम्म्याहून जास्त साखरच, तेव्हा "सुकामेवा आरोग्याला चांगला" म्हणत वाटीभर खाऊ नका.

आणि गुळाचं वर कुणीतरी विचारलं होतं. गूळ म्हणजे मुख्यतः तीच साखर, सोबत थोडे क्षार. साखर टाळायची असेल तर गूळही त्याच हिशोबात धरा. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, ५ टक्क्यांत बसली तर आणखी बरं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा प्यायले की कोटा संपला, आणि अजून दुपारचे चार वाजलेत.

तिसरी_पाळी

आमच्याकडे तीन चहा फक्त पहिल्या ब्रेकपर्यंत होतात. मशीनच्या चहात साखर आधीच घातलेली असते. आणि पहाटे तीनला कँटीनमध्ये वडापाव किंवा पोहे, दुसरं काही नसतं. सकाळी घरी येऊन पुन्हा नाश्ता करून झोपतो.

मेथीदाणा

पाळीवाल्यांचं खरंच अवघड आहे. रात्री शरीर साखर हाताळायला दिवसाइतकं तयार नसतं, तेच जेवण रात्री जास्त चढतं. पूर्ण जेवण पाळीला निघण्याआधी करा. पहाटेसाठी घरून दोन उकडलेली अंडी किंवा भाजलेले चणे-शेंगदाणे, सोबत ताक. सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन झोपा, म्हणजे तिसरं जेवण निघून जाईल. आणि मशीनचा चहा सोडून काळा चहा किंवा कमी साखरेचा घरचा थर्मास.

कैरीचं_लोणचं

माझा प्रश्न मिठाचा. सासऱ्यांचा रक्तदाब १५० च्या वर असतो. गोळी चालू आहे. "मी वरून मीठ घेतच नाही" असं ते ठामपणे सांगतात. पण जेवणात लोणचं, पापड, ठेचा, संध्याकाळी चिवडा. रविवारी मिसळ आणि मिसळीसोबत पुन्हा पापड, कारण नाशकात पापडाशिवाय मिसळ कुणी खात नाही!

आकडेमोड_काका

आली का मिसळ. सांगा आता.

मेथीदाणा

मिठाची शिफारस आहे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, सगळ्या बाजूंनी मिळून, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. देशाच्या असंसर्गजन्य आजारांच्या पाहणीत सरासरी आठ ग्रॅम आली, पुरुषांची ८.९ आणि बायकांची ७.१. वरून घेतलेलं मीठ यात अगदी थोडं. पापडात मीठ आणि वर पापडखार, तोही सोडियमचाच. लोणचं टिकतं तेच मिठावर. फरसाण, शेव, पाव, सॉस, सूपची पाकिटं, सगळीकडे तेच.

आता मिसळ, काका. मोड आलेली मटकी हे मिसळीतलं सोनं आहे. प्रथिनं, तंतू, सगळं. वाटीभर मटकी, त्यावर कांदा, लिंबू, रस्सा, असं खाल्लं तर मी टाळ्या वाजवीन. पण खरी मिसळ कशी असते? दोन चमचे मटकी, तिच्यावर फरसाणाचा डोंगर, वर बोटभर तेलाची तर्री, दोन पाव, पापड आणि नंतर जिलेबी. घरी करा, प्रमाण उलटं करा. मटकी तिप्पट, शेव चिमूटभर, पाव एक. महिन्यातून एकदा बाहेरची खा आणि त्या दिवशी मला फोन करू नका.

बाहेरच्या तळणीबद्दल एक सांगून ठेवते. तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवलं की त्यात नको ते घटक साचत जातात. त्या घटकांची कमाल मर्यादा अन्न सुरक्षेच्या नियमांत २५ टक्के ठरवलेली आहे. कढईतलं तेल काळपट, घट्ट आणि फेसाळ दिसत असेल तर तिथून पुढे चला. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, ते फार बरं झालं.

सासऱ्यांसाठी: १९९७ मध्ये अमेरिकेत भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, डाळी-दाणे असं जेवण लोकांना प्रत्यक्ष खायला घालून बघितलं होतं. ज्यांना रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला, तोही मीठ तेवढंच ठेवून. तेव्हा काढण्याबरोबर घालण्याकडेही लक्ष द्या. रोज दोन वाट्या भाजी, एक फळ, वाटीभर ताक मीठ न घालता. लोणचं बोटभर, पापड आठवड्यातून दोनदा. गोळी मनाने बंद करू नका.

कैरीचं_लोणचं

दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते आणू?

मेथीदाणा

त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाला त्याचा फायदा होतो. पण किडनी कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सासऱ्यांना गोळी चालू आहे ना? आधी डॉक्टरांना त्या गोळीचं नाव सांगून विचारा, मगच.

चतुर्थीवाली

उपासाचं कुणीच बोललं नाही. मी सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं करते. साबुदाण्याची खिचडी खाते तेव्हा बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशीची शुगर बघवत नाही.

रानजाई

साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. भगर घ्या, नाशकातच तिच्या गिरण्या आहेत. दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. राजगिऱ्याची भाकरी पण होते.

मेथीदाणा

बरोबर, पण भगरही वाटीभरच. आमटी मात्र दाट. चतुर्थीवाली ताई, तुम्हाला गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या दिवशी साखर खालीही जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. डोस कसा घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. जेवणातली पोळी-भाकरी अचानक निम्मी करणाऱ्या सगळ्या शुगरवाल्यांनाही हेच लागू. डबेवाली ताई, हे तुमच्या गिऱ्हाइकांना जरूर सांगा. आणि किडनीचा आजार असलेल्याला उसळी-डाळींचं प्रमाण वेगळं ठरवावं लागतं, त्याला हा डबा न विचारता सुरू करू नका.

डबेवाली_सिडको

सगळं वाचून वहीत लिहून काढलं. काल रात्री बसून डबा मांडलाय, बघा जमतोय का.

पोळ्या दोन, किंवा एक भाकरी. कणीक चाळणार नाही. भात मागितला तरच, छोटी मूद. उसळ किंवा घट्ट डाळ, माणशी चाळीस ग्रॅम कच्चं कडधान्य धरून: सोमवारी मटकी, मंगळवारी मुगाची डाळ-शेपू (नाव न सांगता), बुधवारी उडदाची डाळ आणि बाजरीची भाकरी, गुरुवारी हरभरा, शुक्रवारी चवळी, शनिवारी हुलग्याचे शेंगोळे. भाजी आताच्या दुप्पट. काकडी, गाजर, मुळा, कोबी जे स्वस्त असेल त्याची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. ताकाची पिशवी. पापड बंद. लोणचं फक्त मागणाऱ्याला.

तेलाचा डबा किती दिवसांनी संपतो ते कळायला त्याच्यावर आता तारीख टाकणार आहे. पोळ्या कमी झाल्याने गहू आणि गॅस वाचतो, कडधान्य आणि भाजी वाढते. माझ्या हिशोबाने डब्यामागे सात-आठ रुपये जास्त पडतील.

मेथीदाणा

ताई, हे मी माझ्या पेशंटना छापून देऊ का? दोनच सुचवण्या. शेंगोळ्यांत हुलग्याचं पीठ जास्त आणि गव्हाचं नावापुरतं ठेवा, आणि त्या दिवशी दोन पोळ्या नकोत, एक पुरे. कडधान्य मोड आणून घ्या, म्हणजे भुकेल्या अंबडकरांचं पोटही हलकं राहील. दुसरं, डब्याच्या झाकणावर चिठ्ठी लावा: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी. त्याच जेवणाने साखर कमी चढते, पैसा लागत नाही.

सुरगाण्याचे_मास्तर

हुलगे मी आणून देऊ शकेन. आमच्याकडे शेतकऱ्याला भाव मिळत नाही म्हणून पेरा कमी होत चाललाय.

डबेवाली_सिडको

मास्तर, द्या. सुरुवातीला दहा किलो. भाव काय ते व्यक्तिगत निरोपात सांगा, शेतकऱ्याला परवडेल तोच.

आकडेमोड_काका

चार पोळ्या खाणारा मजूर माणूस दोन पोळ्यांवर आठ तास उभा राहील का? सगळ्यांना एकच माप लावू नका.

डबेवाली_सिडको

काका, हे बरोबर बोललात. फाउंड्रीतल्या मुलांना पोळ्या चारच जातील, पण उसळ आणि भाजी नवीन मापाची. बसून काम करणाऱ्यांना दोन. फोनवर आता "काम काय करता" हेही विचारते.

निफाडचा_द्राक्षवाला

शनिवारचे शेंगोळे आठवूनच पाणी सुटलं. आमची आजी हुलग्याचं माडगं पण करायची, सर्दीत. ताई, डबा निफाडला पोचतो का?

डबेवाली_सिडको

भाऊ, निफाडला नाही हो पोचत. अंबड, सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा एवढंच.

तिसरी_पाळी

माझा सोमवारपासून सुरू करा. कामटवाडे, रात्री आठच्या आत हवा, पाळीला निघायच्या आधी. पोळ्या दोन. शेपूचं नाव मी वाचलंय, तरी चालेल.

कैरीचं_लोणचं

सासऱ्यांचाही एक. इंदिरानगर, जॉगिंग ट्रॅकजवळ. ते लोणचं मागतील, त्यांचं ऐकू नका.